हिरडीतून रक्त येतंय? तिथला ब्रश थांबवू नका

सकाळी चूळ भरून थुंकलं की बेसिनमध्ये लालसर रेघ दिसते. दुखत तर काहीच नसतं. मग घरात सल्ले सुरू होतात. ब्रश कडक असेल, अंगात उष्णता वाढली असेल, दोन-चार दिवस त्या बाजूला ब्रश लावू नकोस, नुसतं बोटानं घासून घे. कोल्हापूर शहरात काय आणि करवीर, कागल, राधानगरीच्या गावांत काय, हेच ऐकू येतं. यातला ब्रश न लावण्याचा सल्ला मात्र दात घालवणारा आहे. रक्त जिथून येतं तिथे बहुतेक वेळा घाण साचून हिरडी सुजलेली असते, आणि आपण नेमकी तिथलीच स्वच्छता बंद करतो. सूज वाढते, रक्त वाढतं, भीती वाढते, ब्रश आणखी लांब राहतो. चाळिशी-पन्नाशीत न किडलेले, धडधाकट दात हलायला लागतात ते बऱ्याचदा याच वाटेनं.

## दातावर रोज काय साचतं?

आपल्या तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू कायम वस्तीला असतात. दात घासून झाल्यावर थोड्याच वेळात लाळेतल्या प्रथिनांचा न दिसणारा पापुद्रा दातावर बसतो. त्यावर जिवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. या थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात. त्याचा रंग जवळजवळ दातासारखाच, म्हणून तो आरशात दिसत नाही. दाताच्या मुळाशी नखानं खरवडलं की पांढरट मऊ लगदा निघतो, तोच हा. अन्नाचे कण चूळ भरून निघतात, पण हा थर घासल्याशिवाय निघत नाही.

ज्यांच्या घरातून डेअरीला दूध जातं त्यांना हे चटकन कळेल. दुधाची किटली रिकामी झाल्या झाल्या धुतली तर लख्ख होते. संध्याकाळवर ठेवली तर आतून बुळबुळीत होते, वास मारते. आणि रोज नुसतीच वरवर विसळत राहिलं तर तळाच्या कडेला, जिथे हात पोचत नाही तिथे, पिवळट कठीण थर धरतो. तो मग घासणीला दाद देत नाही, खरवडावा लागतो. दातावरही हेच घडतं. मऊ थर रोज निघाला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसतं आणि तो कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. लाळेच्या नळ्या जिभेखाली आणि गालात उघडतात, त्यामुळे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण सगळ्यात आधी धरतं. जीभ फिरवून बघा, खरखर लागेल. कीटण घरी निघत नाही. ब्रशनं नाही, मिठानं नाही आणि लिंबानं तर मुळीच नाही. लिंबाच्या आम्लानं दाताचं आवरणच झिजतं.

## पण रक्त का येतं?

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड ल्यो या दंतवैज्ञानिकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. त्या लोकांची उष्णता वाढली नव्हती की जीवनसत्त्व कमी पडलं नव्हतं. फक्त थर साचू दिला होता.

घडतं ते असं. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा थर साचला की शरीर तिथे लढायला जास्त रक्त पाठवतं. हिरडी लाल होते, फुगते, तिची कातडी नाजूक होते आणि ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. ही पहिली पायरी आहे आणि इथून पूर्णपणे परत फिरता येतं. योग्य ब्रश सुरू केल्यावर पहिले काही दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल. मऊ ब्रशनं नीट घासूनही दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर हिरडीखाली कीटण आहे असं समजून दाखवायला जावं.

दुसरी पायरी मात्र परतीची नाही. सूज वर्षानुवर्षं राहिली की हिरडी दातापासून सुटते, मधे खोल खाच तयार होते, त्या खाचेत ब्रश पोचत नाही आणि आतलं हाड हळूहळू विरघळतं. हाच पायरिया. दात घट्ट राहतो तो या हाडामुळे. हाड एकदा गेलं की ते पहिल्यासारखं भरून येत नाही. उपचारानं आहे तेवढं वाचवता येतं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हे होत असताना दुखत नाही. किडलेली दाढ ठणकते, रात्र काढू देत नाही, माणूस पळत डॉक्टर गाठतो. हिरडीच्या आजारात रक्त, तोंडाला वास, दातांत फटी आणि लांब दिसणारे दात, एवढीच काय ती खूण मिळते.

रक्त येण्याची दुसरीही कारणं असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते जास्त वाहतं. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात. न घासताही रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उमटत असतील, ताप असेल, तर थेट फिजिशियनकडे जावं.

## "वय झालं की दात पडायचेच"

हे मला मान्य नाही, आणि विज्ञानालाही मान्य नाही. वयानं दात थोडे झिजतात, पिवळे दिसतात, पण निव्वळ वयामुळे पडत नाहीत. पडतात ते कीड आणि हिरडीच्या आजारानं, आणि हा आजार वीस-तीस वर्षं हळूहळू चालत आलेला असतो, म्हणून तो म्हातारपणाचा भाग वाटतो. साठीत कवळी बसवली त्यात नशिबाचा दोष नाही. आणि त्या माणसाचाही पूर्ण दोष नाही, कारण तिशीत रक्त आलं तेव्हा त्याला कुणी हे समजावून सांगितलं नव्हतं.

## घासायचं कसं?

जोरात घासणं म्हणजे स्वच्छ घासणं, हा समज आधी सोडायला हवा. थर मऊ असतो. त्याला जोर लागत नाही, ब्रशचे केस योग्य जागी पोचावे लागतात. ती जागा म्हणजे दात आणि हिरडी मिळतात ती रेघ. मऊ केसांचा ब्रश घ्या, केस हिरडीकडे तिरके, साधारण ४५ अंशांत धरा, आणि दोन-दोन दातांवर छोट्या हालचाली करत पुढं सरका. बाहेरची बाजू झाली की आतली. आतली बाजू जवळजवळ सगळेच विसरतात. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरावा लागतो. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात. केस वाकडे झाले की, नाहीतर तीन महिन्यांनी, ब्रश बदलायचा.

दोन दातांच्या फटीत ब्रश जात नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांसाठीचा दोरा, किंवा फट मोठी असेल तर बारीक गोल ब्रश वापरायचा. दोन्ही औषधाच्या दुकानात मिळतात. टाचणी, काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन यांनी हिरडी फाटते.

पेस्ट कुठल्याही कंपनीची चालेल, तिच्यात फ्लोराइड हवं. ट्यूबवर बारीक अक्षरांत १००० पीपीएम किंवा त्याच्या आसपास आकडा दिसेल. फ्लोराइडनं दाताचं आवरण आम्लापुढे जास्त टिकाव धरतं. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण पाण्यानं भरपूर चुळा भरू नका. थोडं फ्लोराइड दातावर राहिलेलं बरं.

दिवसातून दोनदा घासायचं. त्यातही रात्रीचा ब्रश मला सकाळपेक्षा महत्त्वाचा वाटतो. झोपेत लाळ खूप कमी सुटते, आणि लाळ हीच दाताची राखणदार आहे. ती आम्ल धुऊन नेते, दाताला खनिज परत देते. जेवणाचे अवशेष तसेच ठेवून झोपलं तर जिवाणूंना सहा-सात तास मोकळं रान मिळतं. आपल्याकडे सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा घेत नाहीत. तीच शिस्त रात्रीला हवी.

## "आजीनं कधी पेस्ट वापरली नाही, तिचे दात ठणठणीत"

अशा आज्या होत्या, हे खरं. पण त्या काळात बत्तीसच्या बत्तीस दात गमावलेलीही पुष्कळ माणसं होती. ती आपल्याला आठवत नाहीत. शिवाय आजीच्या दिवसात साखर आजच्याइतक्या वेळा तोंडात जात नव्हती. बिस्किटं, क्रीमरोल, शीतपेयं, दिवसातून पाच-सहा चहा, हे नंतर आलं. कडुलिंबाच्या काडीला माझा विरोध नाही. नीट चावून मऊ केलेली काडी थर काढते, पण दाढांच्या मागं आणि आतल्या बाजूला ती पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसतं. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी, कोरडं मीठ यांचं मात्र समर्थन करता येत नाही. दात पांढरे दिसतात ते आवरण खरवडलं जातं म्हणून. झिजलेलं आवरण पुन्हा उगवत नाही, आणि मग थंड पाणी प्यालं की दात शिवशिवतात.

## मशेरीबद्दल जरा थांबून बोलू

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि बोटानं दात-हिरड्यांना लावायची. कुणी तिला मशेरी म्हणतं, कुणी मिश्री. आपल्या भागात ती मुख्यतः बायकांची सवय आहे, आणि तिच्याकडे व्यसन म्हणून कुणी बघत नाही, दात घासणं म्हणूनच बघतात. सुरुवात दाढ दुखली म्हणून होते. निकोटिननं थोडा वेळ बरं वाटतं. मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, भांगलणीला गेलं की दुपारी पुन्हा लागते, रात्री एकदा. पुरुष व्यसन करतो म्हणून घरात बोलणी खातो. बाई मशेरी लावते तर तिला कुणी सोडायलाही सांगत नाही, त्यामुळे मदतही मिळत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरातल्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत ती बंदी पोचत नाही.

हिरडीच्या रक्ताशी याचा संबंध असा. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी आतून सुजलेली, हाड विरघळत चाललेलं, पण रक्त कमी येतं किंवा येतच नाही. म्हणजे जी एकमेव खूण वेळेवर मिळाली असती तीच झाकली जाते. "मशेरीनं माझ्या हिरड्या घट्ट राहिल्या" असं बायका म्हणतात, ते त्यांना जाणवतं तसं खरंच सांगतात. आत मात्र उलट चाललेलं असतं. तीच गोष्ट विडी, सिगारेट आणि तंबाखूची. म्हणून तंबाखू सोडल्यावर काही आठवडे रक्त वाढल्यासारखं वाटू शकतं. रक्तपुरवठा पूर्ववत होतोय, हिरडी बरी व्हायच्या मार्गावर आहे. त्या वेळी घाबरून पुन्हा मशेरीकडे वळू नये. दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावं.

मशेरी जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते, आतल्या कातडीवर पांढरे चट्टे येतात. त्यातले काही पुढं कर्करोगात बदलतात. गरोदरपणी ती चालू असेल तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. सोडल्यावर पहिले एक-दोन आठवडे चिडचिड, डोकेदुखी, पोट जड वाटणं हे होतं, ते ओसरतं. सुरुवात म्हणून सकाळची मशेरी तेवढी ब्रश-पेस्टनं बदलायची, मग दुपारची. एकटीला जमत नसेल तर १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

## तिखट सोसेना झालंय?

मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा लहानपणापासून पचवणाऱ्या माणसाचं तोंड अचानक साध्या आमटीनंही पोळायला लागलं, तर ते पित्त म्हणून सोडून देऊ नका. तिखटानं निरोगी हिरडीला काही होत नाही. पण मावा, गुटखा किंवा नुसती सुपारी सतत चघळणाऱ्यांत गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते. आधी जळजळ, मग तोंड उघडणं कमी. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर लगेच दाखवा. सुपारी एकटीसुद्धा, तंबाखू न घालता, कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला त्याच यादीत ठेवलं आहे. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवडे उलटूनही गेला नाही, तरीही लगेच दाखवा.

## गूळ तर चांगला ना? आणि ऊस, दूध?

गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात हे लिहिणं अवघड आहे, पण दाताच्या दृष्टीनं गूळ आणि साखर यांत फरक नाही. दोन्हीत मुख्यतः तीच शर्करा. गुळातलं लोह दातावरच्या जिवाणूंना अडवत नाही. हे जिवाणू शर्करा खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांत दातावरचं आम्ल इतकं वाढतं की आवरणातलं खनिज विरघळायला लागतं, आणि लाळेला ते आटोक्यात आणायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मोजायचं. जेवणाबरोबर पोळी आणि गूळ खाल्ला तर एकदाच आम्ल. दुपारभर येता-जाता खडा तोंडात टाकला, दर तासाला गोड चहाचे घोट घेतले, तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. गूळ चिकटही असतो, दाढेच्या खाचेत बसून राहतो. खाल्ल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरा.

ऊस चावल्यानं दात साफ होतात हा समजही अर्धाच खरा. चोथा दाताच्या सपाट भागावर घासला जातो, हिरडीच्या कडेला आणि फटीत नाही, आणि रस तर गोडच. उसाचा हंगाम आनंदानं घ्यावा; फक्त रात्रीचा ब्रश झाल्यावर कांडं हातात घेऊ नये.

कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध पिणाऱ्यांना मात्र दिलासा आहे. साखर न घातलेलं दूध दाताला अनुकूल असतं. पण मोठेपणी प्यालेलं कॅल्शियम आधीच उगवलेल्या दाताच्या आवरणात जाऊन बसत नाही. तालमीतल्या पैलवानालाही ब्रश चुकत नाही.

## "दात साफ करून घेतले की हलायला लागतात"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि लोक खोटं सांगत नाहीत. कीटण काढल्यावर खरंच काहींना दात हलल्यासारखा वाटतो, फटी दिसतात, थंड लागतं. कारण हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाच्या जाड थरानं दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. तो थर निघाला की खरी परिस्थिती उघडी पडते. सुजलेली हिरडी सूज उतरून आकसते, म्हणूनही फट वाटते. दंतवैद्याचं मशीन कंपनानं कीटण फोडतं, आवरण खरवडून काढत नाही. शिवशिवणं बहुतेकांचं काही दिवसांत जातं. कीटण ठेवलं तर मात्र हाड जात राहतं आणि एक दिवस दात कीटणासकट पडतो.

किती वेळा करायचं हे प्रत्येकाच्या तोंडावर अवलंबून असतं. सहा महिने ते वर्षानं एकदा दाखवणं बऱ्याच जणांना पुरतं. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयात जा. हातकणंगले तालुक्यात नवे पारगावला असं महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

## मुलांची सहा वर्षांची दाढ

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते. तिच्याआधी काही पडत नाही, म्हणून आई-वडिलांना ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून कीड तशीच सोडली जाते. ती कायमची दाढ आहे. तिची जागा घ्यायला दुसरी येणार नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मग वाटाण्याएवढी, आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः घासून द्यायचं. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

## मधुमेह आणि गरोदरपण

साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार लवकर बळावतो, आणि हिरडी सुजलेली असली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. दोन्ही बाजूंनी हे चालतं. पायरियाचे उपचार केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरलेली दिसते. म्हणून गोळी वाढवूनही साखर हटत नसेल तर तोंड एकदा तपासून घ्या, आणि दंतवैद्याला मधुमेह असल्याचं आधीच सांगा.

गरोदरपणी संप्रेरकांमुळे हिरड्या जास्त सुजतात आणि रक्त येतं. "आत्ता दाताला हात लावायचा नाही" असं सांगून बाईला नऊ महिने तसंच ठेवतात. कीटण काढणं या काळात सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. सकाळी उलटी झाली तर लगेच ब्रश करू नये, कारण पोटातल्या आम्लानं आवरण मऊ झालेलं असतं. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्ध्या तासानं घासायचं.